'ग्रॅव्हिटीज रेनबो' कंपॅनियनच्या सोबतीने कशी वाचावी

थॉमस पिंचनची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' २८ फेब्रुवारी १९७३ रोजी प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराच्या परीक्षकांनी तिची एकमताने शिफारस केली, पण मंडळाने ती वाचवत नाही, अश्लील आहे असं म्हणत फेटाळली. त्या वर्षी कादंबरीसाठीचं पुलित्झर कुणालाच मिळालं नाही. नॅशनल बुक अवॉर्ड मात्र तिला मिळालं. वाचकांचे आजही तेच दोन गट पडतात. काही जण शंभर-दीडशे पानांवर हात टेकतात, आणि जे पार करतात ते पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळतात.

ती अवघड का, हे आधी समजून घेतलेलं बरं. कथानकाचा सांगाडा खरं तर सांगण्यासारखा आहे. १९४४चा डिसेंबर, लंडनवर जर्मनांची व्ही-२ रॉकेटं पडताहेत. टायरोन स्लॉथ्रॉप नावाचा अमेरिकन लेफ्टनंट शहरात ज्या ज्या ठिकाणी मुलींना भेटला त्या जागा नकाशावर तारे चिकटवून नोंदवतो, आणि रॉकेटं नेमकी त्याच जागी पडतात. तारा आधी, रॉकेट नंतर. हे असं का होतं याच्या शोधात गुप्तहेर, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि शेवटी स्वतः स्लॉथ्रॉप, सगळेच ओढले जातात. पण या गोष्टीभोवती पिंचनने रॉकेटविद्या, प्राण्यांना सवयी लावणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचे प्रयोग, रसायनशास्त्र, टॅरोचे पत्ते, जर्मन सिनेमा, आफ्रिकेतल्या हेरेरो लोकांचा संहार, जाहिराती, कॉमिक्स आणि असंख्य गाणी विणली आहेत. हा माणूस कॉर्नेलला शिकला आणि कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी बोइंगमध्ये तांत्रिक लेखन करत होता. रॉकेटबद्दल तो ऐकीव लिहीत नाही. शिवाय स्वप्न कुठे सुरू झालं, आठवण कुठे संपली, हे तो सांगत नाही. वाक्याच्या मधोमध आपण दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात शिरलेलो असतो.

यासाठी हाताशी ठेवायचं टिपांचं पुस्तक म्हणजे स्टीव्हन वायझेनबर्गर यांचं 'अ ग्रॅव्हिटीज रेनबो कंपॅनियन'. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया प्रेसने ते १९८८मध्ये काढलं, आणि सुधारित दुसरी आवृत्ती २००६मध्ये आली. घ्यायची तर दुसरीच घ्या, तिच्यात सुमारे २० टक्के मजकूर नवा आहे. पानापानाने, बऱ्याचदा ओळीओळीने ते कादंबरीसोबत चालतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: एपिसोड, म्हणजे कादंबरीतलं एक प्रकरण, आधी, कंपॅनियन नंतर, आणि मग पुन्हा तोच एपिसोड. सार्थ ज्ञानेश्वरी घरात असलेल्यांना हा क्रम अंगवळणी पडलेला असतो: ओवी, अर्थ, परत ओवी. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून ओळीगणिक मान वळवत वाचलं, तर टिपा वाचून होतात आणि कादंबरी वाचायची राहून जाते.

आधी प्रती जुळवून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढे रोज अडखळाल. कंपॅनियनमधल्या नोंदी पान आणि ओळीच्या क्रमांकाने लावलेल्या आहेत, आणि ते क्रमांक अमेरिकेतल्या तीन आवृत्त्यांचे आहेत: व्हायकिंग-पेंग्विनची १९७३ची मूळ आवृत्ती, बँटमची १९७४ची खिशात मावणारी आवृत्ती आणि पेंग्विनची २०००ची, नव्याने पानं लावलेली आवृत्ती. मूळ व्हायकिंग प्रत ७६० पानांवर संपते. तुमची प्रतही ७६०वर संपत असेल तर काहीच करायला नको, आकडे जुळतील.

भारतात पुष्कळदा हाती पडते ती ब्रिटनची व्हिंटेज आवृत्ती, आणि ती ९०२ पानांची आहे. तिच्यासाठी साधा त्रैराशिक हिशेब करावा. तुमच्या प्रतीच्या शेवटच्या पानाचा आकडा ७६०ने भागा. ९०२ला भागल्यावर साधारण १.१९ येतं. म्हणजे कंपॅनियनमध्ये व्हायकिंगचं १००वं पान म्हटलं असेल तर तुमच्या प्रतीत ११९च्या आसपास शोधायचं. एखादं पान मागेपुढे होईल, पण नोंदीत मूळ शब्द दिलेले असल्याने जागा लगेच सापडते. ई-बुक असेल तर हिशेबही नको, तो शब्दच शोधा.

एपिसोडना आकडे द्या

कादंबरीचे चार भाग आहेत आणि त्या भागांना नावं आहेत. पण भागांच्या आत प्रकरणांना ना नाव ना क्रमांक. दोन एपिसोडच्या मध्ये फक्त छोट्या चौकोनांची एक ओळ असते. फिल्मच्या कडेला असतात त्या भोकांसारखी ती दिसते, आणि कादंबरीत सिनेमा किती ठासून भरला आहे हे पाहता ते साम्य अनेक वाचकांना हेतुपुरस्सर वाटत आलं आहे.

पेन्सिल घेऊन बसा आणि या प्रत्येक ओळीखाली आकडा टाका. पहिल्या भागात २१ एपिसोड, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ३२, चौथ्यात १२. एकूण ७३. समासात १.१, १.२ असे क्रमांक घातले की ७६० पानांच्या डोंगराचे ७३ टप्पे होतात. कंपॅनियनसुद्धा एपिसोडवार मांडलेलं आहे, त्यामुळे पृष्ठांक चुकले तरी तुम्ही हरवत नाही. कादंबरीवरच्या चर्चेतही लोक याच क्रमांकांनी बोलतात.

आकडे घालताना लक्षात येईल की एपिसोडची लांबी भयंकर असमान आहे. काही दोन-तीन पानांचे, तर काही तीस-पस्तीस पानांचे. त्यामुळे रोज अमुक पानं असा नेम धरू नका. आठवड्याला तीन एपिसोड हा वेग नोकरी-घर सांभाळणाऱ्याला झेपतो, आणि कादंबरी साधारण सहा महिन्यांत पुरी होते.

पहिलं वाचन: कंपॅनियन बंद

एपिसोड एका बैठकीत वाचा. न कळलेल्या जागी समासात छोटी फुली मारा आणि पुढे चला. शब्दकोश, मोबाइल, काही नको. या वाचनात तुम्हाला फक्त चार गोष्टी टिपायच्या आहेत: आपण कुठे आहोत, कुणाच्या डोक्यात आहोत, काय घडलं, आणि कसं वाटलं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. हसू आलं, किळस आली, भीती वाटली, तर एका शब्दात लिहून ठेवा. कंपॅनियन तुम्हाला संदर्भ देईल, पण ती भीती किंवा ते हसू देणार नाही. ते पहिल्या वाचनातच पदरात पडतं.

याला आणखी एक कारण आहे. कंपॅनियनमध्ये प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला काळ, स्थळ आणि प्रसंग सांगणारा छोटा परिच्छेद असतो. तो फार उपयोगी आहे, पण आधी वाचला तर पिंचनने मुद्दाम घातलेला गोंधळ तुम्हाला अनुभवायलाच मिळत नाही. युद्धात माणसांना पुढचं-मागचं कळत नव्हतं, आणि पिंचन आपल्यालाही त्याच अवस्थेत ठेवतो.

दुसरं वाचन: पहिल्याच एपिसोडवर करून पाहू

पद्धत समजण्यासाठी १.१ घ्या. पहिल्या वाक्यात आकाशातून एक किंकाळी येते. मग अंधारात लोकांना कुठेतरी हलवलं जातंय, गाड्या, बोगदे, कोंदटपणा. दोनेक पानांनी पायरेट प्रेंटिस नावाचा अधिकारी जागा होतो आणि कळतं, हे स्वप्न होतं. तो गच्चीवर जातो. तिथल्या काचघरात त्याने केळी लावलेली आहेत. दूर पूर्वेला त्याला आकाशात चढणारी पांढरी रेघ दिसते: हॉलंडच्या किनाऱ्यावरून नुकतंच सुटलेलं रॉकेट. ते पोचायला काही मिनिटं आहेत. तो केळी तोडतो, खाली येतो आणि सगळ्यांसाठी केळ्यांचा भरपेट नाश्ता करतो.

आता मागचं ज्ञान घेऊन परत पाहा. व्ही-२ आवाजापेक्षा वेगाने येत असे. स्फोट आधी व्हायचा, येण्याचा आवाज नंतर ऐकू यायचा. म्हणजे ज्याला ती किंकाळी ऐकू आली तो वाचला, आणि ज्याच्यावर रॉकेट पडलं त्याला काहीच ऐकू आलं नाही. हे एकदा कळलं की पहिलं वाक्य बदलून जातं. गच्चीवर उभ्या पायरेटची भीतीही नेमकी कशाची हे कळतं: रॉकेट आपल्या डोक्यावरच येत असेल तर ते कळायला आपण उरणारच नाही. लंडनवर पहिलं व्ही-२ ८ सप्टेंबर १९४४ला चिझिकमध्ये पडलं होतं. कादंबरी सुरू होते तेव्हा शहर तीन महिने या अवस्थेत जगत होतं.

आणि ती केळी. कंपॅनियन प्रामुख्याने अमेरिकन वाचकासाठी लिहिलेलं आहे, म्हणून आपल्याला आणखी काय लागतं हे आपणच शोधत राहावं लागतं. आपल्याकडे केळं बारा महिने, कोपऱ्यावरच्या गाडीवर. इंग्लंडमध्ये मात्र १९४०च्या नोव्हेंबरपासून केळ्यांची आयात बंद होती, आणि १९४५ सरत आलं तेव्हा ती परत सुरू झाली. चार वर्षं केळं न पाहिलेल्या शहरात एका घरभर पिकलेल्या केळ्यांचा वास पसरतो, आणि त्याच वेळी आकाशातून मरण निघालेलं आहे. पिंचन त्या वासाला मृत्यूविरुद्धचा मंत्र असल्यासारखं वागवतो. संदर्भ माहीत नसेल तर हा नुसता विक्षिप्त नाश्ता वाटतो.

अशा रीतीने फुल्या मारलेल्या जागांच्या नोंदी कंपॅनियनमध्ये पाहा, मग एपिसोड पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा तो निम्म्या वेळात होतो.

कोणती नोंद वाचायची, कोणती सोडायची

सगळ्या नोंदी सारख्या मोलाच्या नाहीत, आणि सगळ्या वाचायचा आग्रह धरला तर थकायला होतं.

जर्मन, फ्रेंच वगैरे भाषांतले शब्द आणि ४०च्या दशकातली लष्करी बोली यांचे अर्थ सांगणाऱ्या नोंदी झटकन पाहून घ्याव्यात. काही शब्द मात्र वहीत लिहून ठेवा, कारण ते परत परत येतात. 'ब्रेनश्लुस' त्यातला एक: रॉकेटचं इंधन तुटण्याचा क्षण, ज्यानंतर ते फक्त गुरुत्वाकर्षणाच्या हवाली होतं. कादंबरीचं नावच या वक्राशी बांधलेलं आहे, आणि माणसांच्या आयुष्यातला तसा क्षण पिंचन वारंवार दाखवतो.

पिंचनने माहिती कुठून उचलली हे सांगणाऱ्या नोंदी अभ्यासकांसाठी सोन्यासारख्या आहेत. पेनेम्युंडे या जर्मन रॉकेट-केंद्राचे लष्करी प्रमुख वॉल्टर डॉर्नबर्गर यांचं व्ही-२वरचं पुस्तक, पाव्हलॉव्हची व्याख्यानं, जर्मन सिनेमावरचं क्राकाउअरचं लेखन असे स्रोत तिथे उलगडतात. पहिल्या वेळी त्या खुशाल सोडा.

इतिहासाच्या नोंदी कधीही सोडू नका. या कादंबरीत जे सर्वांत अशक्य वाटतं ते बहुधा खरं निघतं. १.१०मध्ये स्लॉथ्रॉपला औषध देऊन बोलतं केलं जातं आणि तो बॉस्टनच्या रोझलँड बॉलरूमच्या प्रसाधनगृहात पोचतो. तिथे बूटपॉलिश करणारा रेड नावाचा एक काळा मुलगा आहे. तो पुढे अमेरिकेतल्या काळ्यांचा नेता माल्कम एक्स म्हणून जगाला माहीत झालेला माणूस. तरुणपणी तो खरोखर त्या बॉलरूममध्ये बूटपॉलिश करत असे. हे कळल्यावर त्या घाणेरड्या, हसवणाऱ्या प्रसंगाखालचं वंशद्वेषाचं भय उघडं पडतं. चौथ्या भागात बायरन नावाच्या, कधीच न विझणाऱ्या विजेच्या बल्बची गोष्ट येते आणि त्याच्या मागावर असलेल्या कंपन्यांच्या टोळीची. बल्ब कल्पनेतला, टोळी खरी. फीबस नावाचा हा कार्टेल १९२४मध्ये उभा राहिला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणून ठेवण्याचं काम त्याने केलं.

गणिताला घाबरू नका

१.९मध्ये रॉजर मेक्सिको हा संख्याशास्त्रज्ञ त्याच्या प्रेयसीला, जेसिकाला, रॉकेटं कुठे पडतात याचं गणित समजावतो. इथे अनेक जण पान उलटतात. उलटू नका, कारण सगळ्या कादंबरीची कळ इथे आहे.

रॉजरने लंडनच्या नकाशावर ५७६ चौकोन आखले आहेत. हा आकडा हवेतला नाही. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग पाव चौरस किलोमीटरच्या ५७६ चौकोनांत वाटला आणि तिथे पडलेले ५३७ उडते बॉम्ब मोजले. हे व्ही-२ नव्हेत, त्याआधीचे व्ही-१. बॉम्ब जर कुठेही, योगायोगाने पडत असतील तर प्वासाँच्या सूत्रानुसार सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवेत. प्रत्यक्षात राहिले २२९. एकच बॉम्ब पडलेले चौकोन २११ यावेत, आले २११. दोन पडलेले जवळपास ९९ अपेक्षित होते, ९३ निघाले.

अर्थ असा: शहरावर किती चौकोनांत किती बॉम्ब पडतील हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं, पण पुढचा कुठल्या चौकोनात पडेल हे कुणालाही सांगता येत नाही. ज्या चौकोनावर चार पडले तो आता सुरक्षित झाला असंही नाही, प्रत्येकाचा धोका तेवढाच राहतो. जेसिकाला हे सहन होत नाही. पाव्हलॉव्हचा भक्त असलेला मानसशास्त्रज्ञ पॉइंट्समन याला तर मुळीच नाही, कारण त्याच्या जगात प्रत्येक परिणामामागे कारण असलंच पाहिजे. आणि मग स्लॉथ्रॉपचा नकाशा समोर येतो, जो रॉजरच्या नकाशाशी तंतोतंत जुळतो. जग योगायोगाने चालतं की कुणीतरी चालवतंय? कादंबरी या दोन भीतींच्या मध्ये उभी आहे. पाच मिनिटं खर्चून हे गणित समजून घेतलंत तर पुढची सातशे पानं सोपी जातात.

दोन वह्या नकोत, एका वहीचे दोन विभाग पुरेत

एकीकडे माणसं. शेकडो पात्रं येतात-जातात, सगळी लिहू नका. जे दुसऱ्यांदा येईल तेच लिहायचं, पहिल्या भेटीच्या एपिसोडच्या क्रमांकासह. एकाच माणसाची अनेक नावं असतात, त्याकडे लक्ष ठेवा. जर्मन अधिकारी वाइसमान हाच ब्लिसेरो. स्लॉथ्रॉप तर तिसऱ्या भागात इंग्रज वार्ताहर होतो, रॉकेटमॅन होतो, एका गावच्या उत्सवात डुकराचा वेष चढवतो. नावं बदलता बदलता तो माणूसच विरत जातो. ही यादी शेवटी चाळलीत तर ते विरणं तुम्हाला तुमच्याच अक्षरात दिसेल.

दुसरीकडे तारखा. वायझेनबर्गर यांचं सर्वांत मोठं काम हेच आहे. कादंबरीत वार-तारीख क्वचित येते, पण त्यांनी चर्चचे सण, रेडिओचे कार्यक्रम, वर्तमानपत्रांतले उल्लेख जुळवून प्रत्येक घटनेला दिवस शोधला. नमुना म्हणून तिसऱ्या भागाची सुरुवात बघा. तिथे म्हटलंय की 'आइस-हायलिगेन' म्हणजे बर्फाचे संत आता मागे पडले. जर्मन शेतकऱ्याला माहीत असतं की हे १२ ते १५ मे या दिवसांचे संत, त्यांच्यानंतर दहिवराचं भय संपतं आणि द्राक्षवेली वाचतात. म्हणजे आपण १९४५च्या मेच्या मध्यावर आहोत, युद्ध संपून आठवडा झालाय. युद्ध संपल्याचा गाजावाजा कादंबरीत जवळपास नाही. आपण तो दिवस ओलांडून आलो हे एका शेतकी पंचांगातून कळतं.

त्यांच्या हिशेबाने पहिला भाग १८ ते २६ डिसेंबर १९४४मध्ये घडतो, दुसरा २० मे १९४५च्या व्हिटसन या ख्रिस्ती सणापर्यंत जातो, तिसरा ६ ऑगस्टपर्यंत, चौथा १४ सप्टेंबरपर्यंत. ६ ऑगस्ट हा ख्रिस्ती पंचांगात येशूच्या रूपांतराचा सण, आणि हिरोशिमाचाही दिवस. चौथ्या भागात स्लॉथ्रॉपला रस्त्यात वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा दिसतो, मथळ्यातली काही तुटकी अक्षरंच वाचता येतात. त्या जागी जरूर थांबा आणि अक्षरं स्वतः जुळवून पाहा. नोंद नंतर.

जिथे कंपॅनियन लांब ठेवायचं

१.१६मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर रॉजर आणि जेसिका केंटमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये शिरतात. जमैकाहून आलेला एक काळा सैनिक उंच आवाजात जर्मन-लॅटिन मिसळलेलं जुनं ख्रिसमसगीत गातो, शत्रूच्या भाषेत, त्या थंडीत. तिथून वाक्यं पसरत जातात, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्यांपर्यंत, ज्यांचा धातू वितळवून परत युद्धाच्या कामी लावलं जातंय. हा एपिसोड मोठ्याने वाचा. गाण्याच्या ओळींचा अर्थ नंतर पाहिला तरी चालेल. मोठ्याने वाचणं जमत नसेल तर जॉर्ज गायडॉल यांच्या आवाजातलं ऑडिओबुक आहे, लांब वाक्यांचा श्वास त्यात सापडतो.

३.११ हा दुसरा. फ्रान्झ प्योकलर या रॉकेट अभियंत्याला त्याची मुलगी वर्षातून एकदाच भेटवली जाते, त्याने मुकाट काम करत राहावं म्हणून. दरवर्षी येणारी मुलगी तीच आहे का, हे त्याला खात्रीने कळत नाही. माझ्या मते पिंचनने यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही. शेवटी प्योकलर भिंतीपलीकडे जाऊन डोरा छळछावणी पाहतो. तिथले कैदी डोंगराखालच्या मिटेलवेर्क कारखान्यात व्ही-२ बनवत होते. मिटेलबाउ-डोरात सुमारे ६० हजार माणसं आणली गेली आणि त्यांतली सुमारे २० हजार मेली. लंडनमध्ये आणि अँटवर्पमध्ये व्ही-२ने जितके बळी घेतले त्याहून हा आकडा मोठा आहे. हे माहीत असलं की एपिसोड वाचायला पुरे, बाकी नोंदी दुसऱ्या दिवशी.

एक सूचना आधीच देणं माझं कर्तव्य आहे. या कादंबरीत लैंगिक हिंसा आहे, विष्ठेचे प्रसंग आहेत, आणि लहान मुलीवरच्या अत्याचाराची पानं आहेत. ती ओलांडून पुढे जायची मुभा प्रत्येकाला आहे. अशा वेळी कंपॅनियनमधला एपिसोडचा प्रास्ताविक परिच्छेद वाचून धागा पकडून ठेवा.

तिसऱ्या भागात दम लागतो तेव्हा

३२ एपिसोड, उद्ध्वस्त जर्मनी, सरहद्दी मोडलेल्या, प्रत्येक जण रॉकेटचे सुटे भाग शोधतोय. बहुतेक वाचक इथे गळतात. इथे नियम थोडा सैल करा. एखादा एपिसोड पानभर वाचूनही सूर लागत नसेल तर प्रास्ताविक परिच्छेद आधी वाचा आणि मग परत सुरुवात करा. अर्धवट सोडण्यापेक्षा हे कधीही चांगलं. दोघं-तिघं मिळून वाचत असाल तर आठवड्याचे एपिसोड वाटून घ्या आणि ज्याच्याकडे जो एपिसोड त्यानेच कंपॅनियन वाचून इतरांना सांगावं. पुण्या-मुंबईतले मित्र आणि परदेशी गेलेला एखादा, असा व्हिडिओ कॉलवरचा गट यासाठी पुरतो.

हेरेरोंचे एपिसोड आले की मात्र सैल पडू नका. जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जनरल फॉन ट्रोथाने ऑक्टोबर १९०४मध्ये हेरेरोंना संपवण्याचा हुकूम काढला होता. पिंचन हे लिहीत होता तेव्हा या संहाराबद्दल फार कमी लोक बोलत होते. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असं २०२१मध्ये मान्य केलं. कंपॅनियनची दुसरी आवृत्ती त्याच्या पंधरा वर्षं आधीची, त्यामुळे तिथे नवं वाचन स्वतः जोडून घ्या.

कंपॅनियनशी भांडा

वायझेनबर्गर नुसत्या टिपा देत नाहीत, त्यांचं एक ठाम मत आहे. ते म्हणतात, कादंबरीची रचना रॉकेटच्या कमानीसारखी नसून मंडलासारखी आहे: चार भाग, ख्रिस्ती सणांनी बांधलेल्या चार दिशा, आणि शेवट सुरुवातीशी येऊन मिळणारा. १९४५चा ईस्टर १ एप्रिलला, एप्रिल फूलच्या दिवशी आला होता, अशा योगायोगांचा पिंचनने केलेला वापर ते नेमका दाखवतात. हेरेरो गावाची गोल मांडणी, रॉकेटच्या चार पंखांची आकृती, हे पुरावेही कादंबरीतच आहेत.

मला हे मत अर्धंच पटतं. तारखांचं काम वादातीत आहे, पण वर्तुळ पूर्ण होतं असं मला दिसत नाही. शेवटची पानं १९४५मध्ये थांबतच नाहीत. ती लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात, पिंचनच्या स्वतःच्या काळात जाऊन पडतात, आणि त्या थिएटरचा व्यवस्थापक वाचताच तेव्हाचे अमेरिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची आठवण होते. चौथ्या भागाच्या सुरुवातीला निक्सनच्याच नावावर एका शब्दाचं अवतरण आहे, हेही सोबत धरा. वर निघालेलं रॉकेट एका काळात सुटतं आणि भलत्याच काळातल्या माणसांवर उतरतं. ते वर्तुळ नाही, कमानच आहे, आणि तिचं दुसरं टोक वाचकाच्या डोक्यावर आहे.

हा वाद तुमच्यासाठी तुम्हीच सोडवायचा. चौथा भाग सुरू करताना वहीच्या कोऱ्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. एकात 'वर्तुळ', दुसऱ्यात 'कमान'. बारा एपिसोड वाचताना ज्या वाक्याने, तारखेने, प्रतिमेने ज्या बाजूला वजन पडेल तिथे पान क्रमांक लिहीत जा. ४.१२ संपल्यावरच कंपॅनियनची प्रस्तावना उघडा. ती पुस्तकात पहिली असली तरी पहिल्या वाचनात ती शेवटी वाचायची, हातात तुमचे दोन भरलेले रकाने असताना.